उकळलेली नळी

प्रयोगशाळेत बाईंना सगळे 'पिवळ्या बाई' म्हणत. नाव तिथल्या वरिष्ठ संशोधक साहेबांनी ठेवलं होतं, आणि प्रेमाने मुळीच नाही. एन्झाइम किती काम करतं हे साहेब किरणोत्सर्गी द्रव्य घालून मोजत. त्यासाठी जाड दाराची वेगळी खोली, छातीवर किरणं मोजणारा बिल्ला आणि इतरांना आत यायची बंदी. बाई तेच रंगावरून मोजत. एन्झाइम जितकं राबेल तितकी नळी पिवळी, आणि तो पिवळेपणा यंत्रावर वाचायचा. साहेब त्याला पोरखेळ म्हणत. चौदा वर्षं बाईंनी हे ऐकून घेतलं, पण विसरल्या त्यातलं काहीच नाही.

मग वरून हुकूम आला की पद्धत एकच राहील. दोघांनी एकच नमुना मोजायचा. हरल्या तर बाईंची रवानगी बाटल्या धुवायला, हे साहेबांनी आधीच जाहीर करून टाकलं.

बाईंचा आकडा आला बारा, साहेबांचा एकोणीस.

"सात हिला दिसलेच नाहीत," साहेब संचालकांना म्हणाले.

"उकळलेली नळी लावली होती का?" बाईंनी विचारलं.

उकळलं की एन्झाइम मरतं. त्या मेलेल्या नळीत जो आकडा येईल तो एन्झाइमचा नव्हे, म्हणून वजा करायचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बाई ही नळी विसरल्या होत्या, तेव्हा याच साहेबांनी चारचौघांत त्यांची खरडपट्टी काढली होती: "उकळलेली नळी नाही, तर आकडा नाही."

"मला लागत नाही ती आता," साहेब म्हणाले. "हात बसलाय माझा."

"मग लावून दाखवा. कर नाही त्याला डर कशाला?"

संचालकांनी मान डोलावली. दुपारी साहेबांच्या मेलेल्या नळीने सात दाखवले, नेमका तेवढाच फरक. नळ्या धुताना द्रव्य मागे राहत होतं, देव जाणे किती वर्षं.

संचालक बाहेर गेल्यावर साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तो सात वहीत नका लिहू. माझं अकरा वर्षांचं काम आहे." आज 'पिवळ्या' नव्हतं, अगंतुगंही नव्हतं.

बाईंना दया आली नाही. त्यांनी शाईने सात लिहिला आणि वही साहेबांपुढे सरकवली.

"सही करा. उकळलेली नळी नाही, तर आकडा नाही. तुम्हीच शिकवलंत."