मांजर आडवे गेल्यावर

पालमला आमच्या समोर राहणारे शिवभक्त गृहस्थ मितभाषी आहेत. तळहातावरील इष्टलिंगाची पूजा पूर्ण झाल्यावाचून ते उंबरा ओलांडत नाहीत. गल्ली त्यांना आप्पा म्हणते.

त्यांची पांढऱ्या पायांची मांजर मात्र स्वैर हिंडे. बाजारच्या दिवशी ती आडवी गेली की शेळ्या विकायला निघालेली मंडळी माघारी वळत आणि आप्पांना बोल लावत. म्हणून दर बाजारच्या सकाळी ते तिला घरात कोंडत आणि बंद दाराला पाठ लावून बसत. आत तिचा आक्रोश चाले.

"जीव हाय गुरुजी, कोंडणं बरं न्हाई," ते मला म्हणत. अखेर एका बाजारच्या दिवशी त्यांना ते सोसवले नाही. त्यांनी दार उघडले. ती गेली, ती परतलीच नाही.

परवा बाजारच्या सकाळी एक शेळीवाला चरफडत माघारी आला. "मांजर आडवं गेलं. आजचा सौदा बुडाला."

आप्पा धावत रस्त्यावर आले. तळहातावर इष्टलिंग तसेच होते. पूजा अर्धीच राहिली होती.

"पाय पांढरे होते का रं?"

"न्हाई आप्पा, सगळंच काळं होतं."

त्यांनी दुसऱ्या हाताने लिंग हळुवार झाकले आणि ते आत गेले. दार मात्र त्यांनी उघडेच ठेवले.