टोमॅटोचा दाखला

आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साचले. फायली वाळवीने खाल्ल्या, किस्से मात्र अजून धडधाकट आहेत. आम्ही तीन-चार जुने लोक चहाला भेटलो की एक जण नुसतं "टोमॅटो" म्हणतो, आणि बाकीचे कप खाली ठेवतात!

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची ही दोन वर्षं. राहुरीजवळच्या एका छोट्या सरकारी फार्मवर मी क्लार्क होतो. तिथे टोमॅटोला दरसाल मर लागायची. फळ धरायच्या बेताला उभं झाड मान टाकायचं. आमचे मुकादम लहानूभाऊ. तीन हंगामांची झाडं त्यांनी स्वतःच्या हातांनी उपटून फेकली होती, आणि ज्या दिवशी उपटायचे त्या दिवशी ते जेवायचे नाहीत.

मग कळलं, युरोपात एक टोमॅटो आहे, त्याला मर लागतच नाही! तिथल्या संशोधकांनी ताजी फळं पाठवायचं कबूल केलं. लहानूभाऊंनी त्याच दिवशी बियांसाठी वाफा तयार केला. बिचाऱ्यांना निगडकर साहेब अजून नीट कळले नव्हते.

निगडकर साहेब म्हणजे आमचे अधिकारी. परदेशातून फळ आणायचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ. टोमॅटो ओळखता यायचा की नाही, याबद्दल मात्र ऑफिसात दोन मतं होती.

* * *

पहिली पेटी मुंबईला उतरली. सोबत फळं निरोगी असल्याचा दाखला होता, पण तो त्यांच्या भाषेत! "भाषांतर होईपर्यंत पेटी हलवू नये," अशी साहेबांनी तार ठोकली.

आमच्या माहितीत ती भाषा येणारे एकच, श्रीरामपूरकडचे एक म्हातारे फादर. मी एसटीने गेलो, तर फादर बाहेरगावी. पुन्हा गेलो, तर आजारी. तिसऱ्या खेपेला भाषांतर झालं. साहेबांनी त्यावर सही मागितली, मग शिक्का मागितला, मग शिक्क्याचा खुलासा मागितला. महिना गेला.

शेवटी फादर स्वतःच आले. चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, दाखला एकदम निरोगी आहे. टोमॅटोंसाठी आता फक्त प्रार्थना करता येईल!"

* * *

परदेशी फळाला मातीचा कणही चिकटलेला नसावा, असा एक नियम. फळाचा पत्ता नव्हता, पण साहेबांनी माती आधीच बंद केली. फाटकात पाण्याचं पिंप ठेवलं. माणसांनी पाय धुवायचे, गाड्यांनी चाकं धुवायची.

पंधरा दिवसांत फाटकात असा चिखल झाला की पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांची जीप त्यात रुतली. आम्ही सगळे ढकलायला! मोठे साहेब म्हणाले, "इथे इतका पाऊस झाला?"

लहानूभाऊ म्हणाले, "पाऊस न्हाई सायेब, हितं लई स्वच्छता झाली!"

* * *

घरीही तेच. एकदा साहेबांचे मेहुणे अकोल्याहून टोमॅटोची पाटी घेऊन आले. साहेबांनी दारातच अडवलं. "तपासणी होईपर्यंत पाटी बाहेर."

आतून वहिनींनी विचारलं, "आणि माझा भाऊ?"

"त्यांनी पाय धुतलेत. त्यांना येऊ दे."

* * *

दुसऱ्या पेटीचा किस्सा मी फारसा सांगत नाही, कारण त्यातलं गाढव मी आहे.

या वेळी दाखला इंग्रजीत होता, आणि तपासणी साहेबांनी स्वतःकडे मागून घेतली होती. पेटी सीलबंद फार्मवर आली. इतक्या लांबून पाहुणे आलेत, त्यांना कोरडंच कसं घ्यायचं? मी बाजारातून झेंडूचा हार आणला. पेटी उघडून हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले.

तासाभराने साहेब भिंग घेऊन बसले आणि ओरडले, "अळी!"

टोमॅटोवर खरंच एक हिरवी अळी चालली होती. अगदी निवांत! मी म्हटलं, "साहेब, हाराची असेल."

"हाराची नोंद कुठे आहे? आवक रजिस्टरमध्ये फक्त टोमॅटो आहेत!"

अळी बाटलीत घालून परदेशी रवाना झाली. पेटीवर रॉकेल ओतलं. पंचनामा मीच लिहिला. लहानूभाऊ जळत्या पेटीकडे बघत उभे होते. मला तेव्हा लाज वाटली, आजही वाटते.

दोन महिन्यांनी तिकडून पत्र आलं. "आपण पाठवलेली अळी आमच्या देशात आढळत नाही. आमच्याकडे आता दहा टोमॅटो उरले आहेत, ते पाठवत आहोत. यानंतर मागू नयेत."

* * *

या वेळी साहेब धोका पत्करणार नव्हते. "तपासणी मुंबईतच होऊ दे, आणि प्रत्येक फळ आतूनही बघावं," असं त्यांनी लिहून पाठवलं. फळं आणायला लहानूभाऊ पाटी घेऊन गेले.

पुढचं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. तिथल्या तपासनीसाने एकेक करत दहाही टोमॅटो कापले. सगळे निरोगी! मग फोडी, बिया, सगळं भट्टीत टाकलं, कारण परवाना अख्ख्या फळांचा होता. टेबलावर गर पसरला होता. तपासनीस म्हणाला, "मुकादम, एवढं पुसून घ्या." लहानूभाऊंनी खांद्यावरच्या उपरण्याने टेबल पुसलं. कोपरे पुसले. सुरीसुद्धा पुसली.

दुसऱ्या दिवशी ते फार्मवर आले. पाटी रिकामी, हातात दाखला. "दहाही फळे पूर्णपणे निरोगी. आत नेण्यास हरकत नाही." साहेब खूश! दाखला त्यांनी माझ्याकडून फायलीला लावून घेतला.

लहानूभाऊ तडक वाफ्याकडे गेले. उपरणं बादलीत बुचकळून वाफ्यावर पिळायला लागले.

साहेब म्हणाले, "अहो, नळ सोडून इथे कसलं धुताय?"

"मुंबईचा मळ लई सायेब, एका पान्यात निघंना."

पुढे आठवडाभर ते रोज सकाळी उपरणं तिथेच धूत होते. एके दिवशी साहेब वाफ्यापाशी थबकले. खाली वाकले, खिशातून भिंग काढलं.

"लहानूभाऊ, हे काय उगवलंय?"

लहानूभाऊंनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"फायलीत बगा की सायेब. निरोगी हाय. आत न्यायला हरकत न्हाई!"