दोघांचा कित्ता

दौतीतल्या निळ्या शाईचा वास आला की मला आमची गुलमंडीजवळची ओसरी आठवते. मी नुकतीच विषमज्वरातून उठले होते आणि दिवाळीपर्यंत माझी शाळा बंद होती, म्हणून घरीच अक्षर गिरवायला अण्णांनी, माझ्या वडिलांनी, दुकानातून कित्ता घ्यायचं ठरवलं. मला हवा होता पोपटाच्या चित्राचा, बारीक ओळींचा. अण्णा मात्र मोठ्या अक्षरांच्या कित्त्यावर अडून बसले. "हा तर लई बारक्या पोरांचा हाय," मी रडवेली झाले. "असू दे, पाया पक्का होतो," म्हणत त्यांनी तोच घेतला. आठवड्यानं मी तो सहज मागून उघडला, तर शेवटची चार पानं भरलेली! अण्णा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. आता कचेरीतलं काम मराठीत व्हायचं होतं, म्हणून ते पहाटे गुपचूप गिरवत होते, आणि उजवीकडून लिहायच्या हाताच्या सवयीनं वही मागून उघडून त्यांनी सुरुवातच ज्ञ पासून केली होती. मी हसत सुटले. ते लाजून म्हणाले, "आईला सांगू नको." आतून आई म्हणाली, "रोज कंदील कोण लावून देतंय मग?" त्यानंतर आमची शर्यतच लागली, मी अ कडून आणि ते ज्ञ कडून. आमची गाठ त वर पडली, त्या दिवशी आईनं शिरा केला. ते पान अजून माझ्याकडं आहे. त्यावरचा त्यांचा त माझ्यापेक्षा देखणा आहे, पण अण्णांपुढं मी ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही.