पहिला रिजेक्ट

काशीगावातल्या एका गाळ्यात मी लोखंडातली खोट शोधायला शिकत होते. न कापता, न तोडता! शिकवणारे सर बोलायचे कमी, पण जे बोलायचे ते झोंबायचं.

पहिल्याच आठवड्यात मी माती खाल्ली. वेल्डिंग केलेल्या तुकड्यावर लाल रंग फवारायचा, तो भेगेत मुरू द्यायचा, मग वरचा रंग फडक्याने पुसायचा. त्यावर पांढरा थर मारला की भेगेतला लाल रंग वर येतो. मी आईच्या हाताखाली भांडी घासून वाढलेली. डाग दिसला की हात थांबतच नाही. क्लीनरचा फवारा थेट तुकड्यावर मारला आणि तो लख्ख केला. पांढऱ्या थरावर काहीच उमटलं नाही.

"वा! भेगेतला रंगपण धुतलास," सर म्हणाले. "जेवायला वाढायचंय काय यात?"

मला रडू आलं आणि रागही आला, स्वतःचाच.

तीन महिन्यांची उमेदवारी संपायच्या दिवशी सरांनी नवा तुकडा पुढ्यात ठेवला. "खोट असेल किंवा नसेल. बरोबर सांगितलंस तर परीक्षेला नाव पाठवतो. नाहीतर हे काम तुझं नाही."

फडकं घेतलं तेव्हा घासायला हात नुसते शिवशिवत होते. तरी हलकेच पुसलं. पांढरा थर मारला आणि टक लावून बसले. काही मिनिटांनी जोडाच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली, बघता बघता जाड झाली. मी चक्क उडी मारली!

"सर, रिजेक्ट!"

सरांनी भिंग लावून पाहिलं आणि एक फॉर्म भरायला बसले. मला दम कुठला धरवतोय! नवघरला आईला फोन लावला.

"आई, मी जॉब रिजेक्ट केला! एकटीने!"

आमच्या गाळ्यात तपासायच्या तुकड्याला जॉब म्हणतात. आईसाठी जॉब म्हणजे नोकरी.

"काय केलंस गो हे?" ती एवढ्या मोठ्यांदा किंचाळली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसलेय मी! पाया पड त्या सरांच्या, आत्ता पड!"

सरांनी सगळं ऐकलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते हसले आणि फोन मागून घेतला.

"काकू, घाबरू नका. तिचाच फॉर्म भरतोय, परीक्षेचा."

मला वाटलं होतं, तो त्या तुकड्याचा रिपोर्ट असेल. मी वाकून बघितलं. पहिल्याच ओळीत माझं नाव होतं.