गनीभाईंची कच्ची शिवण

सुप्याहून नगरकडे निघालं, की टायरवाल्याच्या शेजारी सीट कव्हरचं एक बसकं दुकान लागतं. ते गनीभाईंचं. ट्रकची सीट, ट्रॅक्टरची गादी, टेम्पोची ताडपत्री... चाळीस वर्षं त्या माणसानं रस्त्यावरच्या लोकांच्या बुडाखालची सोय पाहिली. स्वतःला मात्र फाटकं स्टूल. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गिऱ्हाइकाला दावायला ठिवलंय. न शिवलेलं कसं दिसतं ते!"

पण असं बोलणंही आता कमी झालं होतं. वय अडुसष्ट. कंबर दुपारपर्यंत साथ द्यायची, डोळे त्याच्याही आधी हात वर करायचे. साखरेच्या दुखण्यानं बोटांच्या टोकातली जाणीव गेलेली. पूर्वी धागा चिमटीत धरला की सुती का नायलॉन, ते डोळे मिटून सांगत. आता चहाचा कप गरम आहे हेही ओठाला लागल्यावर कळे. घरात सांगितलं नव्हतं. घरी कपडे शिवणारी सून तमन्ना सुईत धागा ओवून द्यायची, तेवढंच.

या माणसाचं कड्याकपारीशी नातं कसं जडलं, तीही गंमतच. बारा वर्षांपूर्वी बेलापूरचे याकोब सर दुकानात आले. शाळेत खेळाचे मास्तर. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, अशांना गडांवर, नदीत, कड्यांवर नेणारी 'सोबत' नावाची संस्था त्यांनी काढली होती. कड्यावरून उतरायचा बाजारातला पट्टा धडधाकट माणसाच्या मापाचा. ज्याच्या पायात जीव नाही त्याच्या मांड्यांना तो काचायचा. सरांना वेगळी सीट हवी होती.

गनीभाई म्हणाले, "सर, ज्याला चालता येत न्हाई त्याला कड्यावरनं कशापायी सोडता?"

बाहेर गाडीत एस्तेर बसली होती. तेव्हा चौदा वर्षांची. लहानपणापासून कमरेखाली बळ नाही. ती खिडकीतून ओरडली, "चाचा, मलाच विचारा की! तुम्ही मशीन मारता, मी कडा उतरते. हौस!"

"हौस कुठली बेटी? पोट हाय."

"मग माझीबी भूकच समजा."

झालं. गनीभाईंनी रुंद पट्टा, फोम आणि लोखंडी कड्या घेऊन सीट शिवली. नीट झाली का बघायला शेजारच्या गॅरेजातली इंजिन उचलायची चेनकुप्पी लिंबाच्या फांदीला लावली आणि स्वतःच लटकले. टायरवाला सूर्यभान हसून हसून खाली बसला. "भाई, या वयात पाळना?" तेव्हापासून प्रत्येक सीटमध्ये आधी गनीभाई लटकणार, आणि शिवायला घेण्याआधी धाग्याला काडी लावणार. नायलॉनचा धागा वितळून टोकाला मणी धरतो. सुती धाग्याची राख होते. मणी आला तरच सुई चालवायची.

यंदा संस्थेला गिर्यारोहकांच्या एका मंडळाचा पुरस्कार मिळायचा रंग होता. तीन वर्षं अर्ज परत आलेले. या खेपेला मंडळाची माणसं पारनेरच्या पलीकडच्या कड्यावर प्रत्यक्ष पाहायला येणार होती. उतरणार एस्तेर, नव्या सीटमधून.

"ही शेवटची, सर," गनीभाईंनी बजावलं. "यानंतर मी मशीन झाकतो."

सीट शिवायच्या दिवशी सकाळी त्यांनी कुणाची तरी गादी शिवली आणि दुपारी सीटला हात घातला. संध्याकाळी कंबर इतकी धरली, की लिंबाखाली लटकायचं राहिलं. मणी बघितला होता का? बघितला असेल. बारा वर्षांची सवय कुठं जाते!

ठरल्या दिवशी कड्याखाली करंजाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. मंडळाच्या रोहिणीताई मांडीवर फॉर्म घेऊन बसलेल्या, शेजारी दोन साहेब. साठ फूट वर काठावर याकोब सर आणि पोरं दोर बांधत होती. एस्तेर सीटमध्ये बसून खाली हात हलवत होती. गनीभाईंनी हात हलवला, तेव्हा सदऱ्याच्या बाहीला अडकलेला काळा धागा दिसला. नव्या सीटचाच तुकडा. विडी पेटवायला काडी ओढलीच होती; सवयीनं धाग्यालाही लावली.

मणी आला नाही.

भुरकन जळून बोटावर राख पडली. चटकासुद्धा जाणवला नाही. गादीचं सुती रीळ मशीनवर तसंच राहिलं होतं. रंग तोच, काळा. बोटांनी सांगायला हवं होतं, आणि बोटं तर केव्हाची मुकी.

गनीभाई बसून राहिले. आत वाद चालला होता. सुती धागाही काही लगेच तुटत नाही. दुहेरी टीप आहे. पोरीचं वजन ते किती? शेजारी रोहिणीताई साहेबांना म्हणत होत्या, "यांचं हे चौथं वर्ष." आत्ता तोंड उघडलं तर बारा वर्षांवर पाणी. वर सरांनी हात उंचावला. एस्तेर काठाकडे सरकली.

गनीभाई गुडघ्यावर हात टेकून उठले. टोपी काढून ती हलवत उन्हात गेले आणि असतील नसतील तेवढ्या जोरानं ओरडले, "सर! थांबवा! शिवन कच्ची हाय! माझी चूक हाय!"

सगळं थांबलं. वरून एस्तेरचाच आवाज आला, "चाचा, आत्ता सांगताय व्हय? अर्धी बाहेर लटकलीय मी!"

तिला मागं ओढून घेतलं. सरांनी सीट खाली आणली, झाडाला बांधली आणि त्यांनी आणि गनीभाईंनी मिळून हिसडा दिला. टीप तटातट उसवली. एका साहेबांनी घड्याळ पाहिलं. जुनी सीट बेलापूरला राहिली होती. पाहुणे काहीच न बघता गेले.

परतीच्या जीपमध्ये सर एकदाच म्हणाले, "गनीभाई, पाणी प्या." त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. घरी येऊन त्यांनी मशीनवर ताडपत्री टाकली आणि तमन्नाला पहिल्यांदा सांगितलं, "बेटी, बोटं गेली माझी." ती म्हणाली, "ठाऊक हाय, अब्बा. चहा निवल्याबिगर मी कप देते का तुमाला?"

महिन्याभरानं दुपारी एस्तेरची तीनचाकी स्कूटर दुकानासमोर हॉर्न मारत थांबली. मांडीवर पितळी सन्मानचिन्ह. गनीभाईंना वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल.

"आपलंच आहे, चाचा. त्यांच्या फॉर्मात एक रकाना असतो: मोहीम मध्येच थांबवली असल्यास कारण. म्हणे सगळे कोराच सोडतात. आमचा रोहिणीताईंनी जाग्यावरच भरला." तिनं मोबाईलवर फॉर्माचा फोटो उघडून दाखवला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: शिवण कच्ची. शिवणाऱ्यानेच सांगितले.

गनीभाईंनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला, परत दिला. डोळे पुसले की चोळले, कळलं नाही.

"बरं झालं. पन मी थकलोय बेटी. आता न्हाई."

"तुम्ही शिवू नका. तमन्नाभाभी शिवेल, तुम्ही स्टुलावर बसून सांगा. आणि हे माझ्याकडे." तिनं पिशवीतून काडेपेटी काढली. "इथनं पुढं जो लटकणार, तोच धागा जाळून बघणार."

तमन्नानं मशीनवरची ताडपत्री काढून नवं रीळ आणलं. एस्तेरनं काडी ओढली. धागा आकसला आणि टोकाला काळा, टपोरा मणी धरला.

"दिसला का, चाचा?"

"नीट न्हाई," गनीभाई म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी पाठ भिंतीला टेकली. "तुला दिसला न्हवं? मग चालू दे."