खिडकीजवळची जागा

आमच्या गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला होता. वर आम्हा नवरा-बायकोचे फोटो, मागे हिमालय, खाली गल्लीतल्या एकूणएक पोरांची तोंडं आणि मोठ्या अक्षरांत 'भारतभ्रमणास हार्दिक शुभेच्छा'. लातुरात वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, निवडून आल्यावर लागतो. पण रिटायर झालेला माणूस बायकोला घेऊन फिरायला निघाला म्हणून लागलेला हा पहिलाच असावा. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

उभी नोकरी मी रस्त्यांच्या खात्यात काढली. दुसऱ्यांसाठी रस्ते केले, आता आपण त्यावरून फिरू, असं डोक्यात बसलं होतं. वऱ्हाडं नेऊन नेऊन खिळखिळी झालेली एक मिनीबस विकत घेतली आणि पावसाळाभर फॅब्रिकेटरच्या दुकानात तळ ठोकला. आत पलंग, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, एवढासा संडाससुद्धा केला. पुढची क्लीनरची सीट काढून तिथं बॅटऱ्यांचं कपाट बसवलं. बायकोसाठी पार मागं काचेला लागून मऊ सोफा केला, मागं पळणारा रस्ता बघत राणीसारखं बसायला. तिला विचारलं का? दाखवलं की! सगळं तयार झाल्यावर दाखवलं. ती सोफ्यावर बसली, हात फिरवला आणि "छान आहे" म्हणाली. हौसेला मोल नसतं म्हणतात. हौस कुणाची, हे मात्र कुणी विचारत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी गल्लीनं सत्कार केला. शाल झाली, नारळ झाला, बायकांनी हिची ओटी भरली. मी भाषण ठोकलं. "ही गाडी नाही मंडळी, घर आहे घर!" टाळ्या पडल्या. "सायेब, तुमीच केलेल्या रस्त्यानं चाललाव, जपून जावा," असं कुणीतरी मागून ओरडलं आणि सगळे हसले, मीही हसलो.

तेवढ्यात समोरच्या मावशी आल्या. त्यांचा नवरा वारून वर्ष होत आलं होतं. अस्थी गोदावरीत सोडल्या, पण चिमूटभर त्यांनी काशीसाठी राखून ठेवल्या होत्या. घरात ठेवत नाहीत म्हणून अंगणातल्या लिंबाला, लाल फडक्यात बांधून. ते गाठोडं त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, खिडकीजवळ ठेवा बरं का. वारं लागू द्या त्यास्नी."

"मावशी, फर्स्ट क्लासनं नेतो!" मी म्हणालो. पुन्हा हशा.

बायको कानाशी येऊन कुजबुजली, "अहो, घर म्हणता ना हिला? घरात अस्थी ठेवतात का?"

"आता ती गाडी आहे," मी म्हणालो. पुढच्या डाव्या खिडकीच्या हुकाला गाठोडं अडकवलं आणि गाडी काढली.

बेत असा होता, की नांदेड, भोकरवरून वर नागपूर आणि पहिला मोठा मुक्काम काशी. अहमदपूर गेलं तरी मागून आवाज नाही. मी ओरडून विचारलं, "चहा करतेस का?" तर म्हणाली, आज उपास आहे. यात नवल नव्हतं. प्रवासाच्या दिवशी हिचा हमखास उपास असतो. "तिकीट काढलं की देव आठवतो हिला," म्हणून मी चार लोकांत चेष्टा करायचो. तीही हसायची. नांदेडला गोदावरीच्या घाटावर थांबलो. मी फोटो काढत राहिलो, ही पायरीवर बसून बराच वेळ तोंड धूत राहिली. "ऊन लागलं," म्हणाली.

भोकरच्या अलीकडं मागं काहीतरी पडल्याचा आवाज आला. गाडी थांबवून गेलो, तर ही संडासाच्या दारात बसलेली, पांढरीफटक. लुगड्यावर उलटी, सोफ्यावर उलटी, आणि हातात पिळून चिपाड झालेलं लिंबू.

भोकरच्या डॉक्टरनं सलाईन लावता लावता माझ्याकडून मागच्या सोफ्याची हकिगत ऐकून घेतली. विचारलं, "आजी, गाडी लागते का तुम्हाला?"

"हाव, लहानपणापासून."

"पुढं बसायचं ना मग, खिडकीजवळ. मागं तोंड करून कशाला बसलात?"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी सलाईनच्या बाटलीकडं बघायला लागलो. म्हणजे ते सगळे उपास! माहेरी जाताना, लग्नांना जाताना, पोरीच्या बाळंतपणाला धावताना, पोटात अन्न नको म्हणून. आणि मी देवाच्या नावानं टिंगल करत राहिलो. रुमालात कायम ओवा असायचा हिच्या. मला वाटायचं, आवडतो.

"सांगायचं नाही का गं?" मी चिडून म्हणालो. होय, चिडलोच. आपली लाज दुसऱ्याच्या अंगावर टाकायची मला सवयच आहे.

"एवढी हौसेनं गाडी केलेली तुम्ही," ती म्हणाली.

शहाणा माणूस तिथून घरी फिरला असता. पण गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स होता ना! शाल, नारळ, भाषण, टाळ्या, आणि दुसऱ्या दिवशी तोंड वर करून परत? लोक काय म्हणतील? माझ्या हाताखालच्या एका जुन्या मुकादमाचं शेत भोकरच्या बाहेर आहे. इंजिनात बिघाड झालाय असं सांगून त्याच्या विहिरीजवळ गाडी लावली. हिला बरं वाटेपर्यंत थांबू म्हणालो. हिला बरं वाटलं, तरी मी थांबून राहिलो. भोकरच्या बाजारात जायचो तो तोंडाला गमजा बांधून. भाजीवाल्यानं "कुठले पाव्हणे?" म्हटलं, की पिशवी उचलून चालू लागायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

इकडं मोबाईलवर गल्लीचा ग्रुप पेटलेला. "कुठवर आलात?" "फोटो टाका की!" मी लिहिलं, नागपूर. मग लिहिलं, नागपूर सोडलं. बायको म्हणाली, "अहो, बास करा." पण एकदा सुरू झालं की सुटत नाही. एका सकाळी कुणीतरी विचारलं, "काशी आली का?" आणि मी नांदेडच्या घाटाचा फोटो टाकला. पाणी आणि पायऱ्या. खाली लिहिलं, 'काशी. गंगामाईचा घाट.' ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रांचा पाऊस पडला. मावशींचं गाठोडं माझ्या डोक्याशीच खिडकीला हलत होतं. देवाशपथ सांगतो, त्या घटकेला मला त्याची आठवणसुद्धा नव्हती.

संध्याकाळी ग्रुपवर आलं, "मावशींना फोटो दाखवला. लई रडल्या. मोकळे झाले म्हणाल्या. उद्या मावंदं घालून राहिल्यात."

काशी पार पडली की मावंदं घालतात, चार माणसं जेवू घालतात. मावशींनी अख्खी गल्ली जेवू घातली. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ आला. अंगणात पंगत बसली होती. मागं लिंबाची ती फांदी मोकळी दिसत होती. मावशी मोबाईलसमोर येऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि माझ्यासाठी हात जोडले. "भाऊ, पोटच्या पोरानं केलं नसतं ते तुमी केलंत," म्हणाल्या. मी मोबाईल पालथा ठेवला. बायकोनं तो उचलला, सगळं बघितलं आणि गॅस बंद केला.

"आता?" ती म्हणाली.

"रेल्वेनं जातो काशीला. गुपचूप सोडून येतो. कुणाला कळणार आहे?"

"तिला जेवणं घालायला लावलीत, आणि आता मागून सोडणार?" एरवी हिचा आवाज चढत नाही, तो चढला. "एका बाईचा नवरा आहे तो! तुमचा फ्लेक्स नव्हे. गाडी फिरवा."

"लोक थुंकतील गं तोंडावर."

"थुंकू द्या. पुसायला पाणी आहे टाकीत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी लातूरकडं फिरवली. गल्लीच्या तोंडाला आमचेच फोटो आमच्याकडं बघून हसत होते. भर दुपारी गाडी आत घेतली. पोरं ओरडत मागं धावली, ओट्याओट्यावर माणसं उभी राहिली. मावशी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मी गाठोडं हुकावरून सोडलं, त्यांच्यापुढं धरलं आणि सगळं सांगितलं. शेत, घाट, फोटो, सगळं. सगळी गल्ली ऐकत होती. धरणीनं पोटात घ्यावं, असं म्हणतात ना, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मावशींनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी गाठोडं दोन्ही हातांत घेतलं, फडक्यावरची धूळ फुंकली.

"म्हंजी अजून हितंच हायेत," त्या हळूच म्हणाल्या. मग मला विचारलं, "वारं लागत हुतं ना त्यास्नी? गाडीत लई मळमळायचं वो त्यास्नी. म्हणून तर काशी ऱ्हायली आमची. म्हणून म्हणलं, खिडकीजवळ ठेवा."

"लागत होतं," मी म्हणालो. तेवढंच एक त्या साऱ्यात खरं होतं.

त्यांनी गाठोडं पुन्हा लिंबाच्या फांदीला बांधलं आणि परत मिरच्यांपाशी जाऊन बसल्या.

मी मागं वळलो. बायको गाडीच्या मागच्या दाराला धरून उभी होती, पांढरीफटक, मुठीत लिंबू. भोकरपासून लातूरपर्यंत ती त्याच सोफ्यावर बसून आली होती. खिडकीजवळची जागा गाठोड्याला होती. आणि सकाळपासून तिच्या पोटात काही आहे का, हे मी त्या दिवशीही विचारलं नव्हतं.