पातळ रक्ताची सून

पौषातल्या सकाळी हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून आणली, की तिच्या आंबटसर, दवओल्या गंधानं आमचं सेलूचं स्वयंपाकघर कसं दरवळून जातं म्हणून सांगू! त्या भाजीवर माझा जन्माचा लोभ. आणि तिनंच माझ्या जिवावर उठावं, हा केवढा विनोद!

माझ्या फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला. जिना चढले की धाप लागते. तिथे गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली आणि बजावलं, पालेभाजी रोज सारखीच, बेतानं खा. एकाएकी वाढवलीत तर गोळीचा असर ओसरेल. हे सासूबाईंना सांगितलं मात्र, त्यांनी कपाळालाच हात लावला. "अवं, रक्त पातळ कराले कोनी औषध घेते काय?" उभा जन्म लेकीसुनांच्या अंगात रक्त भरण्यात घालवलेल्या बाईला हे पटावं तरी कसं?

शेतातली पहिली भाजी शेजारीपाजारी वाटायची आमच्याकडे रीत. सासूबाईंनी माझ्या रक्ताची वार्ता गल्लीभर केली आणि घराघरांतून ममतेचे हिरवे भारे येऊ लागले. मला कळू नये म्हणून त्या पाला भाकरीच्या पिठात मळत, वड्यांत दडवत, वरणात घोटत. डोळ्यांना हिरवं दिसत होतं हो, पण जिभेपुढे शहाणपण कुणाचं टिकलंय? मी आपली मिटक्या मारत राहिले.

तपासणीत रक्त घट्ट निघालं. डॉक्टर कारण विचारू लागले, तर सासूबाई विजयी मुद्रेनं म्हणाल्या, "म्याच केलं घट्ट!" मग डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की गुठळी अडकली तर सून हातची जाईल. परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी माझा हात सोडला नाही. किती घाबरली होती बिचारी!

आता रोज एक लहान वाटी भाजी. आणखी मागितली की भांडंच फडताळात! दारी आलेले भारे आल्या पावली परत जातात. साहजिकच गल्लीत कुजबुज, आजारी सुनेला म्हातारी पोटभर वाढत नाही म्हणून. जिच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही, तिच्यावर हा आळ! मला राहवेना. साऱ्यांना खरं सांगायला मी चपला घातल्या, तर सासूबाईंनी दंड धरून मला खाली बसवलं.

"बोलू दे त्याईले. तू जित्ती राह्य, बस."